सरकारी शाळा, खासगी भिंती: एडिनबरोच्या १७ शाळांचं काय झालं?

अश्विनी_लीथ

गेल्या आठवड्यात एका धाग्यावर दोघा-तिघांनी ठासून लिहिलं होतं की सरकारला शाळा बांधता येत नाहीत, कंपन्यांना बांधू द्या, सरकारने फक्त शिक्षक द्यावेत. तिथला विषय वेगळा होता म्हणून मध्ये पडले नाही. मी एडिनबरोत राहते. या शहराने नेमकं हेच करून पाहिलंय, तेही पंचवीस वर्षांपूर्वी. म्हणून हा वेगळा धागा.

ब्रिटनमध्ये १९९२ साली, नॉर्मन लॅमॉण्ट अर्थमंत्री असताना, 'प्रायव्हेट फायनान्स इनिशिएटिव्ह' म्हणजे पीएफआय ही पद्धत आली. आणली हुजूर पक्षाने, पण तिने खरं बाळसं धरलं ते १९९७ नंतर, मजूर पक्षाच्या राजवटीत. व्यवहार असा: कौन्सिलला (म्हणजे इथल्या नगरपालिकेला) शाळा हवी असते, हातात पैसा नसतो. कौन्सिल निविदा काढते. बांधकाम कंपनी, गुंतवणूकदार आणि देखभाल करणारी कंपनी एकत्र येऊन त्या एका कामापुरती वेगळी कंपनी काढतात. हीच कौन्सिलची 'भागीदार'. ती कर्ज उचलते, शाळा बांधते आणि पुढची २५-३० वर्षं छप्पर, बॉयलर, झाडलोट, दुरुस्ती सगळं बघते. कौन्सिल त्याबद्दल दरवर्षी ठरलेली रक्कम देते, आणि ती महागाईबरोबर वाढत जाते. शिक्षक, अभ्यासक्रम, परीक्षा सरकारच्याच. मुलांना फी नाही. मुदत संपली की इमारत बहुतेक करारांत कौन्सिलकडे.

राजकारण्यांना हे का आवडलं ते उघड आहे. शाळेची फीत आज कापायची, पैसे पुढच्या सहा निवडणुकांपर्यंत फेडत राहायचे. शिवाय हे कर्ज सरकारी कर्जाच्या आकड्यात बहुतेक वेळा दिसायचंच नाही. ग्लासगोने तर एका करारात शहरातल्या सगळ्या, म्हणजे २९, माध्यमिक शाळा नव्या बांधून किंवा दुरुस्त करून घेतल्या. एडिनबरोचा पहिला मोठा करार २००१ चा.

२९ जानेवारी २०१६ ला, शुक्रवारी सकाळी, गर्ट्रूड नावाच्या वादळात ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेच्या बाहेरच्या भिंतीचा सुमारे ९ टनांचा भाग खाली आला. शाळा भरायची होती, त्यामुळे कुणाला लागलं नाही. आधी सगळ्यांनी वादळावर खापर फोडलं. पण इमारत उणीपुरी दहा-बारा वर्षांची, आणि स्कॉटलंडमध्ये वारा म्हणजे काही नवलाची गोष्ट नाही. त्याच करारातल्या इतर शाळांच्या भिंती उघडून पाहिल्या, तेव्हा तिथेही तोच दोष. एप्रिलमध्ये, ईस्टरची सुट्टी संपता संपता, त्या करारातल्या सगळ्या १७ शाळा बंद केल्या: १० प्राथमिक, ५ माध्यमिक आणि २ विशेष मुलांच्या. सात हजारांहून जास्त मुलं एका फटक्यात वर्गाबाहेर. कुणी दुसऱ्या शाळेच्या हॉलमध्ये, कुणी शहराच्या दुसऱ्या टोकाला बसने. वार्षिक परीक्षा तोंडावर होत्या. सगळ्या शाळा परत सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला.

मग कौन्सिलने जॉन कोल या वास्तुविशारदाकडे स्वतंत्र चौकशी सोपवली. अहवाल फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. इथे तो अनेकांनी आपापल्या सोयीने वाचला, म्हणून नीट सांगते. पैसा खासगी होता म्हणून भिंत पडली असं कोल म्हणत नाहीत. भिंत पडली ती वाईट गवंडीकामामुळे आणि त्या कामावर नीट देखरेख नसल्यामुळे. पण करार ज्या पद्धतीने केला होता तिच्यामुळे ही देखरेख गळून पडली. कौन्सिल समजत होतं की जोखीम भागीदाराची आहे, तो बघेल. भागीदार कंपनी समजत होती की बांधकाम कंपनी बघेल. बांधकाम कंपनीने काम पोटकंत्राटदाराला दिलेलं. एक 'स्वतंत्र प्रमाणक' होता, पण तो अधूनमधून येऊन कागदावर सही करणारा. रोज साइटवर उभा राहून कौन्सिलच्या वतीने वीट न् वीट बघणारा माणूस, ज्याला इथे 'क्लार्क ऑफ वर्क्स' म्हणतात, तो कुणी नेमलाच नव्हता. पूर्वी सरकारी कामांवर तो असायचाच. मुलांचा जीव गेला नाही तो केवळ वेळेमुळे आणि नशिबाने, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

माझं मत एवढंच आहे की पैसा कुणाचा यावर आपण फार भांडतो आणि भिंत बंद होण्याआधी तिच्यात कुणी डोकावलं हे विचारत नाही. आता तुम्ही बोला.

---

उगाचच

म्हणजे शाळेचं बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा)! टोलनाका कुठे, वर्गाच्या दारात?

---

अश्विनी_लीथ

हो, तसंच. फक्त टोल गाडीवाला भरत नाही, कौन्सिल भरतं. त्यामुळे कुणी नाका फोडायलाही येत नाही. :)

---

गवंडीकाम

ताई, फार चांगलं लिहिलंत. मी साइटवरचा माणूस आहे, काही वर्षं आखातात तिकडच्या पद्धतीची कामं केली, म्हणून भिंतीचं थोडं इस्कटून सांगतो.

आपल्याकडे भिंत म्हणजे एकसंध वीटकाम किंवा आरसीसीच्या सांगाड्यात भरलेली वीट. थंड देशात बाहेरची भिंत दुहेरी असते. आत ब्लॉकची, बाहेर विटांची, मध्ये पोकळी. पोकळीमुळे ओल आत येत नाही, ऊबही टिकते. पण बाहेरची वीट एकटी उभी राहू शकत नाही, ती आतल्या भिंतीला धरून ठेवावी लागते. त्यासाठी ठरावीक अंतरावर स्टीलचे टाय टाकतात, एक टोक आतल्या सांध्यात, दुसरं बाहेरच्या. प्रत्येक बाजूला निदान ५० मिमी आत गेलं पाहिजे. आता आतली भिंत आधी उभी राहते, बाहेरची मागून. दोन्ही भिंती जराशा ओळंब्याबाहेर गेल्या की पोकळी रुंदावते. टायची लांबी तेवढीच, मग ते बाहेरच्या सांध्यात जेमतेम टेकतं. वर मसाला मारला की बाहेरून काही कळत नाही. भिंत रोजच्या वाऱ्यात उभी राहते. मोठ्या वाऱ्यात बाहेरून दाब आणि दुसऱ्या बाजूने ओढ बसली की टाय सुटून येतात.

ऑक्सगँग्जला हेच झालं. बाकी काही शाळांत भिंतीचं डोकं सांगाड्याला बांधणारे टायसुद्धा कमी होते.

हे काम मुद्दाम वाईट करणारा गवंडी मी पाहिला नाही. पण मजुरी विटांच्या हिशेबाने मिळत असेल तर टाय नीट बसवण्यात त्याचे पैसे बुडतात. वीट मोजली जाते, टाय कुणी मोजत नाही. म्हणून वर माणूस उभा लागतो. आपल्या पीडब्ल्यूडीला आपण कितीही नावं ठेवली तरी एक नियम फार शहाण्याने केलेला आहे: झाकून जाणारं काम झाकण्याआधी मोजायचं आणि एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, लिहायचं. पाया, सळई, सगळं. पाळला जातो का? तो वेगळा धागा होईल.

---

नाक्यावरचा

चर्चा एकतर्फी चाललीय. त्या 'दोघा-तिघांत' मीही होतो, म्हणून लिहितो.

१) भिंत वाईट बांधली हा गवंड्याचा दोष. सरकारने थेट निविदा काढली असती तर तोच गवंडी, तोच कंत्राटदार आला असता.
२) पीएफआय नसतं तर त्या १७ शाळा झाल्याच नसत्या. जुन्या, गळक्या इमारतीत आणखी दोन पिढ्या शिकल्या असत्या.
३) देखभालीचे पैसे करारात बांधलेले असतात. कुठल्याही सरकारला काटकसर करायची झाली की पहिली कात्री देखभालीवर चालते. इथे ती चालवताच येत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर कुणीतरी बोला. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात शंभराहून जास्त शाळांना इमारती किंवा त्यांचे भाग बंद करायला सांगितले. कारण रॅक नावाचं हलकं, बुडबुड्यांचं काँक्रीट, जे साधारण १९५० च्या दशकापासून वापरलं गेलं आणि ज्याचं आयुष्य कधीच सरलं होतं. त्या काही कंपन्यांशी केलेल्या करारातल्या शाळा नव्हत्या. सरकारी पैशाने बांधलेल्या, सरकारी पैशाअभावी न दुरुस्त केलेल्या शाळा होत्या.

---

अश्विनी_लीथ

@नाक्यावरचा, तिसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी स्वतः तो घालणार होते. त्यात भर घालते: २०१४ मध्ये एडिनबरोतल्याच एका माध्यमिक शाळेत कपडे बदलायच्या खोलीतली आडभिंत पडून बारा वर्षांची मुलगी गेली. ती शाळा पीएफआयची नव्हती, कौन्सिलची होती. त्यामुळे 'सरकारी भिंत चांगली, खासगी वाईट' असं मी म्हणतच नाहीये.

दुसरा मुद्दा मात्र पटत नाही. सरकार स्वतः कर्ज काढू शकत होतं. तेही स्वस्तात. नाही काढलं, कारण ते आकड्यात दिसलं असतं. हिशोबनीस, आहात का? तुमचं खातं आहे हे.

---

हिशोबनीस

आहे आहे. मार्चअखेर चाललाय, तरी येतो.

गणित साधं आहे. ब्रिटिश सरकार बाजारातून कर्ज काढतं तेव्हा व्याज सगळ्यात कमी, कारण सरकार बुडत नाही. एका शाळेपुरती काढलेली कंपनी कर्ज काढते तेव्हा बँक जास्त व्याज लावणारच. अशा कंपनीत मालकांचा स्वतःचा पैसा साधारण दहा टक्के, बाकी सगळं कर्ज. वर सल्लागार, वकील, विमा, आणि भागभांडवलावरचा परतावा. हे सगळं शेवटी कौन्सिलच्या वार्षिक रकमेतच येतं. दुसरीकडून येणार कुठून?

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा जानेवारी २०१८ चा अहवाल आहे. तेव्हा सातशेहून जास्त असे करार चालू होते. शाळा, रुग्णालयं, रस्ते, तुरुंग सगळे धरून. एका वर्षाचं देणं १,०३० कोटी पौंड, आणि २०४० च्या दशकापर्यंतचं पुढचं देणं १९,९०० कोटी पौंड. त्याच अहवालात शाळांच्या एका गटाचा हिशोब दिलाय: सरकारने स्वतः कर्ज काढून बांधल्या असत्या त्यापेक्षा खर्च सुमारे ४० टक्के जास्त. (रुग्णालयाच्या उदाहरणात फरक याहून मोठा होता.) त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात हुजूर पक्षाचे अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी नवे पीएफआय करार बंद केले. ज्या पक्षाने आणलं त्याच पक्षाने गुंडाळलं.

आता नाक्यावरचे म्हणतील की जोखीम कंपनीने घेतली, तिची किंमत नको का? नक्की हवी. काही जोखीम खरोखर कंपनीवर होती. एडिनबरोत भिंती दुरुस्त करायचा खर्च भागीदाराने सोसला. पण जी जोखीम मोठी होती ती तिकडे गेलीच नाही. शाळा बंद पडली की पालक कंपनीच्या दारात जात नाहीत, कौन्सिलच्या दारात येतात. जोखमीचे पैसे मोजले तीस वर्षांचे आणि प्रसंग आला तेव्हा बस ठरवायला धावलं कौन्सिल.

आणि यातले मालक बदलतात. बांधकाम संपलं, पैसा नियमित येऊ लागला की मूळ कंपन्या आपला वाटा गुंतवणूक फंडाला विकतात. त्यातले काही फंड जर्सी-गर्न्सी बेटांवर नोंदलेले, करसवलतीसाठी. मुख्याध्यापकाला आपल्या शाळेचा मालक आज कोण आहे हे विचारलं तर सांगता येईलच असं नाही. वर्गात एक नवा प्लग लावायचा तरी करारातला बदल म्हणून अर्ज, त्याचं शुल्क, मग कंपनीचाच माणूस कंपनीच्याच दराने येणार.

---

उगाचच

हाउसिंग सोसायटीच्या बिल्डरशी ३० वर्षांचा मेंटेनन्स करार. कल्पनेनेच घाम फुटला.

---

सातवी ब

हॅलिफॅक्सहून. इथे कॅनडात नोव्हा स्कॉशिया प्रांताने १९९० च्या दशकाच्या शेवटी अशाच ३९ शाळा घेतल्या. २० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. आधी घोषणा याहून जास्त शाळांची होती, पण सरकार बदललं आणि नव्या सरकारने पुढच्या शाळा जुन्या पद्धतीने बांधल्या.

आमच्याकडे भिंत पडली नाही. आमच्याकडे वाद वेगळेच झाले. संध्याकाळी पाचनंतर शाळेचा हॉल कुणाचा? गावातल्या मुलांच्या बास्केटबॉलला तो फुकट द्यायचा की इमारतीचा मालक त्याचं भाडं लावणार? उपाहारगृहाचा नफा कुणाचा? आपल्याकडे गावातली शाळा म्हणजे लग्नाला, मतदानाला, पुरात राहायला सगळ्यांची जागा. हे करार लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेलंच नसतं.

२०१० मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकाने या करारांवर कोरडे ओढले. सरकार करारातल्या अटी पाळल्या जातात का हेच नीट तपासत नाही, हा मुख्य आक्षेप. शाळेत वावरणाऱ्या कंत्राटी माणसांची पार्श्वभूमी तपासणी झाली की नाही यावरही लक्ष नव्हतं. पट्टे संपत आले तेव्हा बहुतेक शाळा प्रांताने विकतच घेतल्या. म्हणजे २० वर्षं भाडं भरलं, वर किंमतही दिली.

अश्विनीताई, तुमचा क्लार्क ऑफ वर्क्स बांधकाम चालू असतानाचा. मला वाटतं नंतरच्या वीस वर्षांसाठीही तसाच एक माणूस लागतो.

---

अश्विनी_लीथ

हे फार महत्त्वाचं आहे. करार सांभाळायला माणूस लागतो, आणि काटकसरीत कौन्सिलने पहिली कमी केली ती अशीच माणसं. समोरच्या कंपनीचे तीन वकील आणि इकडे एक अधिकारी, तोही आणखी चार कामं सांभाळून.

अजून एक गोष्ट राहिली होती. तीस वर्षांत मुलं कुठे राहायला जातील हे कुणालाच ठाऊक नसतं. लिव्हरपूलच्या स्पीक भागात पार्कलँड्स हायस्कूल २००२ मध्ये नवंकोरं बांधलं, सुमारे २ कोटी ४० लाख पौंड खर्चून. पट घटत गेला, २०१४ मध्ये शाळा बंद. करार २०२८ पर्यंतचा. रिकाम्या इमारतीसाठी वर्षाला ४० लाख पौंडांच्या आसपास भरायची पाळी आली. बेलफास्टचं बाल्मोरल हायस्कूल तर २००२ ला उघडून २००८ ला बंद. त्याचा करार २०२७ पर्यंत.

कौन्सिलने स्वतः बांधली असती तरी शाळा बंद पडली असती, मान्य. पण मग ती इमारत विकता आली असती, तिथे दवाखाना काढता आला असता, पाडता आली असती. इथे आधी करार फोडायची किंमत मोजा, मग काय ते बोला.

---

झेडपीमास्तर

मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. वाचत होतो. पौंडांचे आकडे वाचून आमच्या दोन वर्गखोल्यांची आठवण येणं साहजिक आहे.

आमच्याकडे शाळा बांधणं म्हणजे आधी शाळा पाडणं. जुनी खोली मोडकळीला आली की निर्लेखनाचा, म्हणजे ती रद्द करून पाडायच्या परवानगीचा, प्रस्ताव. बांधकाम विभागाचा दाखला, पंचायत समिती, जिल्हा परिषद, मंजुरी. ती येईपर्यंत त्या खोलीत मुलं बसवायची नाहीत, पाडायचीही नाही. नवी खोली समग्र शिक्षातून किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीतून. तोवर एका खोलीत पहिली ते चौथी, पाऊस नसेल तर व्हरांडा. त्यामुळे 'कंपनी देते तर घ्या की' असं गावकरी म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

आपल्याकडे ब्रिटनसारखं बांधा-भाडं घ्या प्रकरण शाळांत आलेलं नाही. केंद्राने २००८ च्या सुमाराला ६,००० आदर्श शाळा ठरवल्या, त्यातल्या २,५०० खासगी भागीदारीतून व्हायच्या होत्या. तो भाग फारसा पुढे गेला नाही. आपल्याकडे जे आलं ते १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने: दत्तक शाळा योजना. कंपनी, संस्था किंवा व्यक्ती पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळा दत्तक घेऊ शकते. ग्रामीण भाग, नगर परिषदा आणि ड वर्ग महापालिकांत पाच वर्षांना ५० लाख, दहा वर्षांना १ कोटी रुपये मूल्याचं काम करायचं. क वर्ग महापालिकेत १ कोटी आणि २ कोटी. अ आणि ब वर्गात २ कोटी आणि ३ कोटी. रोख नाही, वस्तू आणि सेवा. आणि इच्छा असेल तर तेवढ्या मुदतीसाठी शाळेच्या नावाला आपल्या पसंतीचं नाव जोडता येतं.

गदारोळ सगळा त्या नावावर झाला. 'शाळा विकल्या' वगैरे. मला नावाचं एवढं काही वाटत नाही, आमच्या गावात पाणपोईवरही नाव असतं. मला प्रश्न पडतो की ५० लाखांच्या 'मूल्याची' खोली बांधली तर ते मूल्य ठरवलं कुणी, आणि ती खोली तपासली कुणी. दान म्हटलं की माणूस ओशाळतो. फुकट मिळालेल्या खोलीची सळई मोजायची कशी?

---

जुनी_वही

मास्तर, अगदी बरोबर बोललात. मी निवृत्त मुख्याध्यापिका, अनुदानित शाळेतली, सातारा जिल्हा.

इथे सगळे भागीदारी ही काही परदेशी, नवी गोष्ट असल्यासारखे लिहितायत. अहो, महाराष्ट्रातलं माध्यमिक शिक्षण कशावर उभं आहे? कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काले गावी रयत काढली तेव्हापासून खेडोपाडी जी हायस्कुलं झाली ती लोकांनी जमीन दिली, धान्य दिलं, श्रमदान केलं म्हणून झाली. पुढे पगाराचा भार सरकारने उचलला. इमारत संस्थेची, पगार सरकारचा. ही भागीदारीच झाली की नाही? ब्रिटनने उद्योजकाला भागीदार केलं, आपण संस्थाचालकाला.

आणि आपल्या भागीदारीचंही नंतर काय झालं ते या धाग्यावर कुणाला सांगायला नको. चांगल्या संस्था होत्या, आहेत. पण जिथे शिक्षकाची नेमणूक हाच धंदा झाला तिथे इमारतीकडे बघायला कुणाला सवड? वेतनेतर अनुदान म्हणजे खडू, वीजबिल, डागडुजी यांचे पैसे. ते वर्षानुवर्षं रखडतात. मग मुख्याध्यापक शिक्षकांकडून वर्गणी काढून कौलं बदलतात. मी काढलीय. आमच्या भागीदारीत देखभालीचा करारच नव्हता. त्यामुळे नाक्यावरचे यांचा तिसरा मुद्दा मला फार जवळचा वाटला, इतर मुद्दे नाही पटले तरी.

---

नाक्यावरचा

जुनी_वही ताई, धन्यवाद. कुणाला तरी एक तरी मुद्दा पटला!

मीही थोडं सरकतो. ४० टक्के हा आकडा जड आहे. पण मास्तरांच्या व्हरांड्यातल्या मुलांसाठी 'सरकारने स्वस्तात कर्ज काढून बांधावं' हे उत्तर कागदावरच राहतं, कारण सरकार काढत नाही. १०० रुपयांची खोली १४० ला मिळणार असेल आणि दुसरा पर्याय खोली न मिळणं हा असेल, तर मी १४० देईन.

---

हिशोबनीस

आज द्याल. पण ते १४० देताना पुढच्या वर्षीच्या खोल्यांचे पैसेही त्यातच गुंततात. करारातल्या शाळेचं देणं चुकवता येत नाही, मग काटकसर करायची झाली की ती उरलेल्या शाळांवर. म्हणजे चार शाळांचं छप्पर पक्कं आणि बाकीच्यांचा रंगसुद्धा नाही. तुम्ही रॅकच्या शाळांचं उदाहरण दिलंत. एकाच कौन्सिलच्या तिजोरीत दोन्ही प्रकारच्या शाळा असतील तर कात्री कुणावर चालते ते बघा. देखभाल बांधून ठेवायचीच असेल तर ती सरकारी अर्थसंकल्पातही बांधून ठेवता येते. त्यासाठी कर्ज बाहेरचं हवं असं नाही.

---

नाक्यावरचा

'येते' आणि 'ठेवतात' यात फरक आहे इतकंच म्हणतो. बाकी या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

गवंडीकाम

मास्तर, सळई मोजायला ओशाळू नका. दान असो, करार असो, लोकवर्गणी असो, काम सुरू होण्याआधी काही गोष्टी लिहून घ्या. आराखडा आणि स्ट्रक्चरल डिझाइन कुणाच्या सहीचं आहे ते. पाया भरायच्या आधी, प्लिंथला आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी जिल्हा परिषदेचा अभियंता येऊन बघणार आणि लेखी देणार, त्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, काढून प्रयोगशाळेत पाठवायचे, पैसे देणगीदाराचे, अहवाल थेट शाळेला. दोष निघाला तर किती वर्षांपर्यंत कोण दुरुस्त करणार, हे आकड्यात. आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी बांधलेल्या सळईचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या. फोटोत टेप धरा, म्हणजे अंतर दिसतं.

कंपनीचा माणूस म्हणेल की आमचा स्वतःचा इंजिनियर आहे. असू दे. तो तिचा आहे.

---

सातवी ब

आणि शाळेच्या वेळेबाहेर खोली कुणी वापरायची तेही लिहा. पाच-दहा वर्षं संपल्यावर त्यांनी बसवलेले संगणक, सौर पॅनेल यांची देखभाल कोण करणार, तेही.

---

झेडपीमास्तर

लिहून घेतलं सगळं. आता खरं काय ते सांगतो. आमच्याकडे एका कंपनीची विचारणा आलेली आहे, दोन खोल्या आणि स्वच्छतागृह. म्हणूनच हा धागा एवढा मन लावून वाचत होतो. शाळा व्यवस्थापन समितीची सभा पुढच्या आठवड्यात आहे. अध्यक्ष म्हणतात, 'मास्तर, देणाऱ्याला अटी घालायच्या नसतात.'

अभियंता तीन वेळा साइटवर येईल का, ही माझी मुख्य शंका. त्यांच्याकडे तालुक्यातली सगळी कामं आहेत आणि हे काम त्यांच्या निधीतलं नाही, त्यामुळे एमबी नाही. एमबी नाही म्हणजे त्यांना यायचं कारणच नाही.

---

गवंडीकाम

मग ठरावात तेच घाला. 'अभियंत्याच्या लेखी तपासणीशिवाय इमारतीचा ताबा घेतला जाणार नाही.' ठराव झाला की त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि बांधकाम उपविभागाला, पोच घेऊन. पोच असली की यावं लागतं. नाही आले तर तालुक्याच्या ठिकाणी एखादं तंत्रनिकेतन असेल, तिथल्या स्थापत्य विभागाला लेखी विनंती करा. विद्यार्थ्यांसाठी प्रात्यक्षिक म्हणून ते येतात, मी पाहिलंय. आराखडा आला की इथे टाका, नाव-गाव काढून. मी बघतो.

---

अश्विनी_लीथ

मास्तर, कोल यांच्या अहवालात भिंतींखेरीज आणखी एक दोष आहे: आग एका खोलीतून दुसरीकडे पसरू नये म्हणून भिंतीत-छतात जी अडसरं भरायची असतात, तीही काही शाळांत नव्हती. तीही झाकलेलीच असतात. तुमच्या दोन खोल्यांत ती भानगड नसेल, पण स्वच्छतागृहाच्या शोषखड्ड्याचं काम बुजवण्याआधी स्वतः उभं राहून बघा.

---

झेडपीमास्तर

हो. शोषखड्डा आणि सळई दोन्ही. सभा झाली की लिहितो. अध्यक्षांना हा धागा मोबाइलवर वाचायला दिलाय, ते सध्या उगाचच यांचे प्रतिसाद वाचून हसतायत.